धैवत ४०० की ४०५?

मी मराठी आणि उर्दू अशा दोन्ही भाषा शिकवते. त्यामुळे एक गोष्ट अंगवळणी पडली आहे. लिहिलेलं अक्षर आणि तोंडातला ध्वनी यांचा हिशेब कधीच पुरता जुळत नाही. फळ्यावर 'जग' लिहा. त्याचा अर्थ दुनिया असेल तर त्यातला 'ज' एक, आणि 'शंभर वर्षं जग' असा आशीर्वाद असेल तर त्यातला 'ज' निराळा. अक्षर एकच, ध्वनी दोन. उर्दूत नेमकं उलटं आहे. जाल, जे, ज्वाद आणि जोय ही चार वेगळी अक्षरं, पण आपल्याकडच्या बोलण्यात चौघांचा उच्चार एकच. शब्द कुठून आला हे ठाऊक असेल तरच कोणतं अक्षर लिहायचं ते कळतं.

हे सांगायचं कारण म्हणजे हार्मोनियम, आपली पेटी. पेटीची पट्टी म्हणजे असंच एक अक्षर. ती दाबली की एकच ठराविक आवाज येतो. पण गाणाऱ्याच्या गळ्यात त्या जागी एकाहून अधिक सूर असतात. या एवढ्याशा फरकावरून महाराष्ट्रात शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी मोठा वाद झाला. त्यात एक निवृत्त डेप्युटी कलेक्टर होते, एक इंग्रज न्यायाधीश होता आणि सारंगियांच्या घराण्यातले एक उस्ताद होते. तो वाद समजून घ्यायचा तर आधी थोडं गणित करावं लागेल. घाबरू नका, अपूर्णांक येत असले की पुरे.

समजा, आपला सा सेकंदाला २४० कंपनांचा आहे. पंचम म्हणजे त्याची दीडपट, ३६०. शुद्ध गंधार सव्वापट, ३००. मध्यम चार तृतीयांश पट, ३२०. धैवत पाच तृतीयांश पट, ४००. रिषभ नऊ अष्टमांश पट, २७०. वरचा सा दुप्पट, ४८०. हे आकडे कुणी हट्टाने ठरवलेले नाहीत. दोन सूर एकत्र वाजवल्यावर ते एकमेकांत विरघळतात की खरखरतात, हे कान सांगतो. आणि ते विरघळतात तेव्हा त्यांचं प्रमाण असं लहान लहान पूर्णांकांत निघतं.

आता दुसरा गायक आला. त्याची पट्टी उंच. पहिल्याचा पंचम हाच त्याचा सा, म्हणजे ३६०. त्याचा रिषभ किती? ३६०ला नऊने गुणून आठने भागा. उत्तर ४०५. पेटीसमोर बसून पाहा, पहिल्याचा धैवत आणि दुसऱ्याचा रिषभ ही एकच पट्टी आहे. ती ४००ची ठेवायची की ४०५ची? ४००ची ठेवली तर दुसऱ्याचा रिषभ उतरा लागेल. ४०५ची ठेवली तर पहिल्याचा धैवत चढा लागेल.

यावर युरोपने काढलेला तोडगा सरळ होता. सप्तकाचे १२ अगदी समान भाग करायचे आणि चूक सगळ्यांत थोडी थोडी वाटून टाकायची. यालाच आपल्याकडे 'टेम्पर्ड' म्हणतात. त्या हिशेबाने आपली ती पट्टी ४०३.६ची होते. म्हणजे ४००ही नाही आणि ४०५ही नाही. गंधार ३००च्या ऐवजी ३०२.४चा होतो. तंबोऱ्याची खर्जाची तार छेडली की तिच्यातून शुद्ध गंधार आपोआप उमटतो. त्याच वेळी पेटीचा गंधार वाजवला तर दोघांचं घर्षण ऐकू येतं, आवाज सेकंदाला दोन-तीनदा हेलकावतो. पंचमाच्या बाबतीत मात्र फरक नगण्य आहे. म्हणूनच पेटी 'बेसूर' आहे असं म्हटलं की बऱ्याच लोकांना ते पटत नाही. सा आणि पंचम तर ठीक वाटतात ना!

युरोपातही हा तोडगा सहजासहजी स्वीकारला गेला नव्हता. टेम्पर्ड पद्धत रुळण्याआधी तिथल्या काही वाद्यांवर काळी पट्टी मधोमध चिरलेली असे. पुढचा भाग एका सुराचा, मागचा दुसऱ्याचा. आज पियानोवर त्या दोन सुरांना नावं दोन आणि पट्टी एक. व्हायोलिनवर मात्र पडदेच नसल्याने वाजवणारा ते दोन सूर वेगळे काढू शकतो. १८७०च्या दशकात बोसान्केट या इंग्रज अभ्यासकाने सप्तकाचे ५३ भाग करणारी पेटी बनवली होती, आणि १८७७मध्ये त्याने हिंदुस्थानी श्रुतींवर निबंधही लिहिला.

आपल्याकडे हा प्रश्न त्याहून कितीतरी जुना. तेराव्या शतकात देवगिरीला, म्हणजे आजच्या दौलताबादला, यादव राजा सिंघण याच्या आश्रयाला शार्ङ्गदेव होता. त्याचे पूर्वज काश्मीरचे. त्याच्या 'संगीतरत्नाकर' ग्रंथात दोन वीणांचा प्रयोग आहे. दोन्ही वीणांना २२ तारा. एक ध्रुव वीणा, तिला हात लावायचा नाही. दुसरी चल वीणा, तिच्या तारा पायरीपायरीने उतरवायच्या. दोन श्रुती उतरवल्या की चल वीणेचे गंधार-निषाद ध्रुव वीणेच्या रिषभ-धैवताला मिळतात. तीन उतरवल्या की रिषभ-धैवत हे सा आणि पंचमाला मिळतात. चौथ्या पायरीला उरलेले सूर जुळतात. या प्रयोगाचं मूळ भरताच्या नाट्यशास्त्रात आहे. त्यात मला आवडते ती पद्धत. एक वाद्य स्थिर, एक चल, आणि निवाडा करणारा कान. आकडा कुठेच नाही.

आता पेटीकडे परत येऊ. पॅरिसमध्ये अलेक्झांडर देबँ याने १८४०च्या दशकात हार्मोनियम नावाने पेटंट घेतलं. मिशनरी आणि साहेब लोकांबरोबर ती हिंदुस्थानात आली. कलकत्त्यात द्वारकानाथ घोष यांच्या द्वारकिन कंपनीने पायाचा भाता काढून हाताचा केला आणि पेटी जमिनीवर बसली. महाराष्ट्रात १८८०ला अण्णासाहेब किर्लोस्करांचं 'शाकुंतल' आलं. संगीत नाटकाला भरदार, दूरवर पोचणारी आणि पुन्हापुन्हा जुळवावी न लागणारी साथ हवी होती, ती पेटीने आणि ऑर्गनने दिली. गोविंदराव टेंबे यांच्यासारख्यांनी तिला साथीच्या वाद्यावरून मैफलीच्या वाद्यापर्यंत नेलं. वर ती स्वस्त, टिकाऊ आणि शिकायला सोपी. कीर्तन, भजन, कव्वाली, शाळेतली प्रार्थना, सगळीकडे ती पोचली. ज्या घरात उस्ताद किंवा बुवा कधी येणार नव्हते, त्या घरात 'सा रे ग म' पेटीमुळे आलं. तिच्यावर टीका करताना हे उपकार विसरता येत नाहीत.

पण ज्यांचे कान तंबोऱ्यावर घडले होते त्यांना ती टोचत होती. सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल हे निवृत्त डेप्युटी कलेक्टर त्यांपैकी एक. आपल्या गायकांचे सूर नेमके कुठे लागतात ते मोजायचं त्यांनी ठरवलं. त्यासाठी त्यांना अचूक गळा हवा होता, आणि तो जवळच होता. अब्दुल करीम खाँ.

खाँसाहेबांचा जन्म १८७२चा, उत्तरेतल्या कैराना गावचा. किराणा घराणं हे नाव त्याच गावावरून. या घराण्याची मुळं सारंगीत आणि बीनमध्ये. दोन्ही वाद्यांवर सूर हलवता येतो, ताणता येतो, दोन सुरांमधल्या वाटेवर थांबता येतं. खाँसाहेब स्वतः सारंगी आणि बीन वाजवत, वाद्यं दुरुस्तही करत. पुढे त्यांनी मिरज हेच घर मानलं. मिरज हे वाद्यांचंही गाव. १९व्या शतकाच्या मध्याला इथल्या शिकलगारांनी, म्हणजे तलवारींना धार लावणाऱ्या घराण्यांनी, तंबोरे आणि सतारी बनवायला सुरुवात केली. शस्त्रांची गरज ओसरली होती, हातातली नजाकत शिल्लक होती. फरीदसाहेब सतारमेकर हे त्या परंपरेचं पहिलं मोठं नाव.

गळ्यातला सूर मोजायची रीत साधी. ताणलेल्या तारेखाली घोडी सरकवत न्यायची, तारेचा सूर गायकाच्या सुराला मिळाला की थांबायचं आणि तारेची लांबी मोजायची. तार निम्मी केली की सूर दुप्पट. अशा लांबीवरून कंपनसंख्या काढता येते. देवलांनी सा २४०चा धरला (वरच्या उदाहरणात मीही म्हणूनच तो घेतला) आणि १९१०मध्ये हिंदू स्वरसप्तक आणि २२ श्रुतींवर इंग्रजी पुस्तिका छापली. त्यात एकाच स्वराच्या दोन दोन जागा होत्या. कोमल रिषभ २५२.८ आणि २५६, कोमल गंधार २८४.४ आणि २८८, धैवत ४०० आणि ४०५. कोणत्या रागात कोणती जागा, ते रागाने ठरवायचं.

आयसीएस अधिकारी आणि न्यायाधीश असलेले अर्नेस्ट क्लेमेंट्स या कामाने भारावले. १९१३मध्ये त्यांचं हिंदुस्थानी संगीतावरचं पुस्तक लंडनहून निघालं. एवढ्यावर न थांबता त्यांनी लंडनच्या मूर अँड मूर कंपनीकडून 'श्रुती हार्मोनियम' तयार करवून घेतली. नेहमीच्या बारांखेरीज जादा सुरांची सोय असलेली ही पेटी. म्हणजे ज्या वाद्याने अडचण केली, त्याच्याच पोटात उत्तर भरायचा प्रयत्न.

१९१६च्या मार्चमध्ये बडोद्याला, सयाजीराव गायकवाडांच्या आश्रयाखाली, पहिली अखिल भारतीय संगीत परिषद भरली. पंडित विष्णु नारायण भातखंडे तिचे सूत्रधार. देवल, क्लेमेंट्स आणि खाँसाहेब तिथे आपली बाजू मांडायला गेले. भातखंड्यांना ती पटली नाही. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं, की जुन्या संस्कृत ग्रंथांतल्या २२ श्रुती आजच्या रागांना अपूर्णांकांनी चिकटवता येत नाहीत. शिकवायचं आणि लिहायचं तर १२ स्वर धरून चालावं, बाकीचं गुरूच्या तोंडून येईल. भातखंडे पेटीचे भक्त नव्हते. पण त्यांना साऱ्या देशाला शिकवता येईल अशी लिपी हवी होती, आणि लिपी म्हटली की अक्षरं मोजकीच असावी लागतात. शिक्षिका म्हणून मला त्यांची अडचण कळते. 'जग'मधल्या दोन 'ज'साठी आपण तरी कुठे दोन अक्षरं केली?

श्रुती हार्मोनियम मागे पडली. त्याचं कारण वरच्या गणितातच आहे. एका सा साठी तुम्ही २२ जागा अगदी बिनचूक बसवल्या, तरी पुढचा गायक 'काळी चार' म्हणाला की सगळा हिशेब पुन्हा मांडावा लागतो. २२ जागा काढून दिल्या तरी पट्टी ती पट्टीच. एका सुरावरून दुसऱ्यावर मींड घेत जाणं तिला जमत नाही. दरबारीचा कोमल गंधार एका बिंदूवर उभा नसतो, तो झुलत असतो. त्याची कंपनसंख्या किती, हा प्रश्नच अपुरा आहे.

खाँसाहेबांच्या वाट्याला यातून काय आलं, हा प्रश्न मला अधिक छळतो. त्या काळात 'उस्ताद अडाणी, त्यांना शास्त्र कळत नाही' असं सुशिक्षितांच्या बैठकीत सर्रास बोललं जाई. आणि त्याच वेळी शास्त्राचा पुरावा म्हणून उस्तादाचाच गळा तारेवर मोजला जात होता. पुस्तकावर नाव मोजणाऱ्याचं आलं. देवलांनी लबाडी केली असं मी म्हणत नाही. त्यांनी कान देऊन ऐकलं, आदराने ऐकलं. पण ज्ञान कुणाचं मानायचं, ज्याच्या गळ्यात आहे त्याचं की ज्याच्या कागदावर आहे त्याचं, हा प्रश्न तेव्हाही होता आणि आजही आहे.

त्याची सर्वांत जास्त झळ सारंगियांना बसली. सारंगीला तीन मुख्य तारा, त्या बोटांच्या पेरांनी नव्हे तर नखांच्या मुळाशी असलेल्या कातडीने दाबायच्या. खाली तीस-पस्तीस तरफा. त्या जुळवण्यात मैफलीचा निम्मा वेळ जायचा, अशी थट्टा व्हायची. पण ४०० आणि ४०५ या दोन्ही जागा तिच्यावर आहेत, त्यांच्या मधल्या वाटेसकट. ही वाजवणारी बहुतेक घराणी मुसलमान, आणि त्यांची रोजीरोटी कोठ्यावरच्या गाणाऱ्या बायकांशी बांधलेली. समाजसुधारणेच्या वाऱ्यात कोठे बदनाम झाले, तसा डाग सारंगीवरही पडला. पेटीवर असा डाग नव्हता. भल्या घरच्या मुलींनी गाणं शिकायचं तर साथीला पेटी बरी, सारंगी नको. सूर उणा पडला तरी चालेल, अब्रू उणी पडायला नको, असा तो सौदा होता. सारंगियांच्या मुलांनीही मग गज खाली ठेवला आणि गाणं किंवा दुसरा धंदा धरला.

पुढे १ मार्च १९४० पासून आकाशवाणीने पेटी बंद केली. तेव्हाचे प्रमुख इंग्रज, लायोनेल फील्डन. रवींद्रनाथ ठाकूरही पेटीच्या विरोधात होते. स्वातंत्र्यानंतर बाळकृष्ण विश्वनाथ केसकरांसारख्या मराठी मंत्र्याच्या काळातही बंदी कायम राहिली. १९७१मध्ये ती सैल झाली. या काळात केंद्रांवर सारंगियांना नोकऱ्या मिळाल्या, हे खरं. पण नभोवाणीच्या खोलीबाहेर पेटीने आपली जागा सोडली नाही. हुकमाने वाद्य बंद करता येतं, कान तयार करता येत नाही.

आमच्या चंदनसारहून विरार स्टेशनला गेलं की सकाळच्या लोकलमध्ये भजनी मंडळं भेटतात. डब्यात पेटी नसते, टाळ आणि गळे असतात. गाडी बोरिवलीला पोचेपर्यंत सगळ्यांचा मिळून सूर किंचित सरकलेला असतो. पण सगळे एकत्र सरकतात, त्यामुळे कुणी बेसूर होत नाही. वसईच्या चर्चमध्ये मराठी गीतं कीबोर्डवर होतात. आमच्याकडे नात पढली जाते ती बहुधा वाद्याशिवाय, आणि कव्वालीला पेटी हवीच. त्याच माणसाचा गळा पेटीबरोबर एका जागी लागतो आणि पेटीशिवाय दुसऱ्या जागी. फरक बारीक आहे, पण एकदा लक्ष गेलं की मग तो ऐकू येतच राहतो. पेटी बंद असताना गळा आपोआप ३००च्या गंधाराकडे जातो. पेटी सुरू झाली की तो ३०२ला जाऊन बसतो, यजमानाच्या घरी पाहुण्याने सावरून बसावं तसा.

म्हणून गाणं शिकणाऱ्या मुलांच्या पालकांना माझं एवढंच सांगणं असतं, पेटी जरूर घ्या. पण रोज दहा मिनिटं ती मिटून, फक्त तंबोऱ्यावर गाऊ द्या. तंबोरा नसेल तर मोबाइलवरचा चालेल. प्रयत्न अजून थांबलेले नाहीत. डॉ. विद्याधर ओक यांनी आपल्या काळात २२ श्रुतींची पेटी तयार केली आहे. मिरजेच्या सतार-तंबोऱ्याला २०२४मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. जवारी लावणारा कारागीर आजही घोडीवर कानस फिरवतो, तारेखाली सुताचा धागा सरकवतो आणि ऐकतो. समोर आकडा दाखवणारं यंत्र असलं तरी शेवटी थांबतो तो कानाच्या सांगण्यावरून.

अब्दुल करीम खाँ १९३७मध्ये पाँडिचेरीला जाताना वाटेत, सिंगपेरुमाळ कोईल स्टेशनवर वारले. त्यांना मिरजेत, ख्वाजा मीरासाहेबांच्या दर्ग्यात दफन केलं. तिथे आजही त्यांच्या स्मरणार्थ गाणं होतं. सवाई गंधर्व त्यांचे शिष्य, आणि त्यांच्याकडून ही गायकी भीमसेन जोशी आणि गंगूबाई हनगल यांच्यापर्यंत आली. खाँसाहेबांच्या १९३०च्या दशकातल्या ध्वनिमुद्रिका सहज ऐकायला मिळतात. एखादी लावा आणि त्यांचा सूर तंबोऱ्यात कसा मिसळतो तेवढं ऐका. तो ४०० आहे की ४०५, हे नंतर मोजता येईल.